सरांच्या तापाचा ग्राफ

उदयसिंग सर अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि निम्मा वर्ग त्यांच्या तासाला धास्तावलेला असायचा. सर रागीट होते असं मुळीच नाही. पण त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच गणित होतं. डॉक्टरकीला जाणारे, वकिलीला जाणारे, शेतकी शिकणारे सारे एकाच खोलीत बसायचे आणि सर सगळ्यांपुढे तेच प्रमेय, तीच सिद्धता, त्याच सुरात मांडायचे. "गणित एकच आहे, मग दोन तऱ्हांनी शिकवायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

अडतीस सालच्या सहामाहीत त्या वर्गाचा धुव्वा उडाला. नापासांमध्ये सरांच्या गावचे, वाशीमचेच दोघं होते. एक हौसा, रंगराव माळ्याची लेक. तिला डॉक्टरीण व्हायचं होतं. दुसरा गफ्फार, बांगड्यावाल्या दिलावरचा मुलगा. याला काळा कोट घालायचा होता. दिवाळीनंतर फेरचाचणी होती, आणि तीही गेली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. दिवाळीच्या सुटीत सर वाशीमला आले तसे दोघांचे बाप त्यांच्या दारी आले. सरांच्याही मनाला तो निकाल लागलाच होता. ते म्हणाले, "पाठवा दोघांना. ओसरीवर बसू."

रंगराव सकाळी वांगी-मिरच्या घेऊन बाजाराला निघाला की वाटेत हौसाला सरांकडे सोडायचा. घरात सरांची आई रामीबाई होती, त्यामुळे त्याला काळजी नव्हती.

पण ओसरीवरही कॉलेजचीच गत झाली. सर लिमिटची व्याख्या सांगायचे. गफ्फार ती घडाघडा पाठ म्हणून दाखवायचा आणि अर्थ विचारला की छताकडे पाहायचा. हौसा पाठ करायलाच तयार नव्हती.

"सर, रागावू नका," ती एकदा म्हणाली, "पन हे मले डॉक्टरकीत कायले लागते?"

"कामाला लागतं म्हणून गणित शिकायचं नसतं, हौसा."

"मंग माह्या डोक्यात ते घुसत बी नाई."

सरांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. दिवाळीच्या सुमाराला वाशीमात घरोघर हिवताप असायचा, तो यंदा सरांच्या वाट्याला आला. रामीबाईनं तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती.

दोघं आले तर सर अंथरुणात. हौसा परत गेली नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून तिनं क्विनाईनच्या गोळ्या आणि थर्मामीटर आणलं. तिनं सकाळी आणि दुपारी सरांचा ताप पाहिला आणि ग्राफच्या कागदावर दोन ठिपके मांडले. दुपारचा ठिपका चांगलाच वर होता. तिनं ते रेषेनं जोडले.

गफ्फार वाकून पाहत होता. "ही रेघ कोणाच्या परवानगीनं ओढली?"

"काहून?"

"सकाळी शंभर होता, तू पायला. दुपारी एकशे चार होता, तेही पायला. मधी एकशे दोन झाला होता, याचा गवाह कोन?"

"अरे, ताप काय उडी मारते का? अंग तापत तापत जाते. शंभरावरून एकशे चारवर जायचं तं मधलं सगळं लागतेच ना वाटेत!"

"लागतेच म्हनतेस, साबित कर. कोर्टात असं चालत नाई."

सर गोधडीतून बाहेर आले. त्यांना बोलायचं होतं, पण तोंडात थर्मामीटर. "ऊं! ऊं!" करत त्यांनी हात हलवला.

"तोंड उघडू नका सर, काच फुटन!" हौसा ओरडली.

सर तळमळत पडून राहिले. इकडे गफ्फारच बोलता बोलता थबकला. "थांब. समज, त्यानं उडी मारली. तं उडीच्या अल्याड अन् पल्याड कितीबी जवळ गेलं तरी फरक उरनच. अन् तू म्हनतेस जवळ गेलं की फरक मिटत जाते..." त्याचे डोळे मोठे झाले. "अरे बाप्पा! हे तं मी रोज पाठ म्हनतो ती लिमिटचीच व्याख्या हाय!"

"ऊंऊं!" सर अर्धे उठून बसले.

आता हौसालाही चेव आला. ताप सगळ्यात जोरानं कधी चढत होता, हे तिला हवं होतं. सकाळ-दुपारचा सरसकट हिशेब तिला पटेना. "एवढ्या लांबच्या ठिपक्यांवरून त्या घडीचा जोर कसा समजन? ठिपके जवळ जवळ पायजेत. आनखी जवळ." आणि ती दर थोड्या वेळानं थर्मामीटर झटकून सरांच्या तोंडात घालू लागली.

रामीबाई काढा घेऊन आली ती दारातच थांबली. "काय वं पोरी, माह्या लेकाच्या तापाचं चित्र काढून राह्यली? औषध देतेस का खेळ मांडलास?"

"मावशी, गोळी दिली. आता उतरते का पायतो."

"आई, राहू दे त्यांना," थर्मामीटर निघताच सर घाईघाईनं म्हणाले. "हौसा, ठिपके जवळ आणत गेलीस की चढायचा वेग ज्या आकड्याकडे झुकतो ना, तीच लिमिट. गफ्फार, तुझा उडीचा मुद्दा पुन्हा सांग. सावकाश. आणि तिला पटेपर्यंत सोडू नकोस."

संध्याकाळी दरदरून घाम फुटून ताप उतरला, तेव्हा ओसरीवर दोघं अजून भांडतच होते. सर पडल्या पडल्या ऐकत होते. अंगात त्राण नव्हतं, तरी त्यांना एवढं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. एकच गणित होतं, हे खरंच. पण हौसा त्यात अंगाच्या वाटेनं शिरली होती आणि गफ्फार वादाच्या. आपण आजवर सगळ्यांना एकाच दारातून ढकलत होतो, आणि जे अडकले त्यांना ढ म्हणत होतो.

फेरचाचणीत दोघंही पास झाले. हौसा चांगल्या मार्कांनी, गफ्फार काठावर. त्यानं एका उत्तराच्या शेवटी 'सबब वादीचे म्हणणे सिद्ध झाले' असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं नाही. सर पुढच्या खेपेला वाशीमला आले तेव्हा दिलावरनं खुशीनं रामीबाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. रंगरावानं टोपलंभर वांगी आणून ओतली आणि तेवढंच विचारलं, "आता पोरगी मांगं नाई ना पडत, सर?"

"ती पुढेच आहे, रंगराव."

सरांनी प्रिन्सिपॉलांकडे वेगवेगळे वर्ग मागितले. वेळापत्रकात जागा नव्हती. मग सर स्वतःच सकाळी तासभर लवकर येऊ लागले. एक दिवस डॉक्टरकीवाल्यांचा, एक वकिलीवाल्यांचा, एक शेतकीवाल्यांचा.

शेतकीच्या पहिल्या तासाला इंझोरी गावचा चंपत मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता.

"तुमच्या मळ्यात काय असतं?" सरांनी विचारलं.

"वाल, सर. मांडवावर वेल चढवतो."

"वेल रोज वाढतो. पण दिवसा जास्त वाढतो, की रात्री?"

चंपत उठला, बसला, पुन्हा उठला. "दिवसा. उनामुळं." शेजारचा म्हणाला, "रात्री. सकाळी पाहा, लांब झालेला असते." मग सगळेच बोलू लागले. शेवटी चंपतनं हात वर केला. "सर, खरं काय ते तुमीच सांगा."

"मलाही माहीत नाही," सर हसत म्हणाले. "रविवारी गावी जाशील ना? मोजून ये."