ती मधेच का थांबली

रस्ता म्हणावा तर रस्ता, नदी म्हणावी तर नदी. सकाळी दुथडी भरून वाहायचा, दुपारी जरा ओसरायचा, संध्याकाळी पुन्हा काठ सोडायचा. अलीकडच्या काठाला घड्याळवाल्याचं दुकान, पलीकडच्या काठाला पहिल्या मजल्यावर घड्याळवाल्याचं घर. आणि रोज दुपारी एक वाजता घड्याळवाल्याची बायको हातात डबा घेऊन ही नदी ओलांडायची.

सगळी बाजारपेठ तिला काकू म्हणायची. ठेंगणी, भरल्या अंगाची, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. उजव्या हातात डबा, डावा हात छातीपर्यंत वर धरलेला, जणू गाड्यांना सांगतेय, बाळांनो, जरा दमानं. ती धावायची नाही, बिचकायची नाही. एका चालीत, एका लयीत, कापडातून सुई जावी तशी गाड्यांमधून पार व्हायची आणि दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणायची, "आले हो."

पेंटर त्या दुकानाची पाटी रंगवायला सोमवारी शिडीवर चढला. चाळिशीचा गडी, बोलायला मिठ्ठास, हाताला स्थिर. काकूंनी पहिल्याच दिवशी मान वर करून विचारलं,

"काय रे पेंटर, वरून काय काय दिसतं?"

"तुम्ही दिसता काकू. तुमचं रस्ता ओलांडणं बघून माझा जीव टांगणीला लागतो."

"अरे वेड्या, चालणारं माणूस गाडीवाल्याला कळतं. मधे थांबलेलं कळत नाही. तीस वर्षं झाली, हा रस्ता आणि मी एकमेकांना ओळखून आहोत." मग दुकानाकडे तोंड करून जरा चढ्या आवाजात, "नवऱ्यापेक्षा बरा ओळखतो तो मला!"

आतून, डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळवाला म्हणाला, "तो उलटून बोलत नाही ना, म्हणून तुमचं जमतं."

पेंटर शिडीवर इतका हसला की ब्रश निसटायचा राहिला.

गुरुवारी तो ‘घड्याळ’मधल्या दुसऱ्या अक्षराची वेलांटीसारखी शेपटी वळवत होता. बारीक ब्रश दातात, जाड ब्रश हातात, पाय पायरीवर रोवलेले. आत घड्याळं एक वाजल्याचं सांगू लागली. एकदम नव्हे, एकामागून एक, जसं घरातलं एकेक माणूस जेवायला हाका मारतं तसं. पेंटरने मान वळवली. पलीकडे बस थांब्यावर उभी होती आणि काकू तिच्या पुढून निघाल्या होत्या. डावा हात वर, उजव्या हातात डबा.

आणि बसच्या मागून एक मालाची गाडी सुसाट बाहेर पडली.

काकूंना ती दिसत नव्हती. मधे बसचं धूड होतं. पेंटरला मात्र बसच्या टपावरून सगळं दिसत होतं, ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. त्याने दातातला ब्रश थुंकून टाकला आणि पोटातून ओरडला,

"काकू, थांबा!"

आणि काकू थांबल्या.

तीस वर्षांत ज्या जागी पाय ठरला नव्हता, तिथे तो ठरला. बसची कड ओलांडून एक पाऊल पुढे, भर रस्त्यात. त्यांनी मान वर केली, चष्म्यातून पेंटरकडे पाहिलं, काय रे, असं विचारावं तसं.

दोन पावलं. तेवढीच दोन पावलं पुढे गेल्या असत्या, तर गाडी त्यांच्या पाठीला वारा घालून निघून गेली असती. पेंटरला हे कुणी सांगायला नको होतं. अंतर हाच त्याचा धंदा. पट्टी न लावता तो दोन अक्षरांमधली जागा सोडायचा आणि ती केसभर चुकायची नाही. धडकेचा आवाज त्याच्या कानावर पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांनी माप घेऊन झालं होतं.

शिडीला चौदा पायऱ्या. त्या उतरायला त्याला किती वेळ लागला, देव जाणे. खाली आला तेव्हा माणसांचं कडं झालं होतं. कुणी म्हणे उचला, कुणी म्हणे हलवू नका, कुणी म्हणे पाणी द्या, कुणी म्हणे पाणी देऊ नका. पेंटर कड्याच्या आत गेला आणि नुसता उकिडवा बसला. दोन्ही हात निळ्या रंगाने माखलेले. त्या हातांनी कुठे स्पर्श करावा ते त्याला कळेना. घड्याळवाला अजून आतच होता. भिंग लावलं की त्याला तेवढं एक चक्र दिसायचं, बाकी जग नसायचं. कुणीतरी त्याला खांद्याला धरून बाहेर आणला. भिंग तसंच डोळ्याला होतं.

मालाच्या गाडीचा ड्रायव्हर फुटपाथवर बसून डोकं आपटत होता. "मी वेगात होतो, खोटं नाही सांगत. पण बाई निघून गेली असती हो. मधेच थांबली. का थांबली? मधेच का थांबली?"

"गप! वर तोंड करून बोलतोस?" पंक्चरवाला त्याच्यावर धावला. त्याचं दुकान शेजारीच. तो तेव्हा टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. हाक कानांनी ऐकली, पण मान वर करेपर्यंत खेळ आटोपला होता. तरी पोलीस चौकीवरचे साहेब आल्यावर तोच पुढे झाला. "साहेब, या आमच्या पेंटरने जिवाच्या आकांताने हाक मारली. पण उशीर झाला होता."

साहेबांनी पेंटरकडे पाहिलं. "ओरडलास?"

"हो."

"उपयोग झाला नाही?"

पेंटरने तोंड उघडलं. समोर ड्रायव्हर, मागे कडं, कड्याच्या पलीकडे भिंग लावलेला म्हातारा.

"नाही," तो म्हणाला.

साहेबांनी तेवढं लिहिलं. पेंटरने सही केली, कागदाला निळं बोट लागलं.

त्या दिवसापासून तो बाजारपेठेत मोठा झाला. चहावाला हाक मारून बसवायचा. "निदान तू ओरडलास तरी. बाकीचे नुसते बघत होते." प्रत्येक शाबासकी त्याच्या घशात हाडूक होऊन बसायची. आठवडाभराने सकाळी तो न्हाणीघराच्या दारात उभा राहून बायकोला म्हणाला, "काकू माझ्या हाकेमुळे गेल्या."

बायको बादलीत कपडे पिळत होती. पीळ तसाच हातात राहिला. "काय बोलताय?"

त्याने सगळं सांगितलं. दोन पावलांचं मापही सांगितलं, फरशीवर चालून दाखवलं.

"अहो, तुम्ही वाचवायला गेलात. गाडी त्याने मारली का तुम्ही?"

"थांबा म्हणालो. ‘चला’ म्हणायला हवं होतं."

"तुम्ही काय ज्योतिषी आहात?" तिने त्याचे हात आपल्या ओल्या हातांत धरले. आवाज उतरला. "हे माझ्यापाशी बोललात तेवढं पुरे. बाहेर बोलू नका. बोलून काकू परत येणार आहेत?"

तरी तो गेला, चौकीवर गेला. साहेबांनी फाइल काढली, ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं. "थांबा म्हणालास का पळा म्हणालास, त्याने काय फरक पडतो? गाडी वेगात होती की नाही? ड्रायव्हर कबूल आहे की नाही? जा, घरी जा. झोप काढ. डोळे बघ तुझे."

सांगावं तिथे कुणी घेत नव्हतं. ओझं घेऊन दारोदार फिरावं आणि प्रत्येक दारातून, राहू दे रे, तुझ्यापाशीच असू दे, असं ऐकावं, तसं झालं.

मग पंक्चरवाल्याचा निरोप आला. "म्हाताऱ्याने दुकान उघडलंय. तुझी वाट बघतो रोज. पाटीचं नाही विचारत. म्हणतो, वरून त्याने पाहिलंय, त्याला पाठव."

पेंटर दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गेला.

घड्याळवाला काउंटरमागे बसला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. समोर एक मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं, पण भिंग डब्यात होतं. भिंतीवरची घड्याळं मात्र चालूच होती. त्यांना कोण सांगणार?

"ये, बस. चहा घेणार?"

"नको काका."

"बरं. मग एक सांग." त्याने काउंटरवरची धूळ बोटाने एका रेषेत गोळा केली. "ती मधेच का थांबली?"

पेंटर समोरच्या स्टुलावर टेकला.

"ड्रायव्हर शपथेवर सांगतो, थांबली. मी त्याला भेटून आलो. रडतो बिचारा. आणि मला माहितेय ती का थांबली. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय." म्हाताऱ्याने वर पाहिलं. "त्या दिवशी सकाळी मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, उद्यापासून काय, आजपासूनच डबा आणू नकोस. गिऱ्हाइकासमोर जेवलात का, जेवलात का. मी काय कुक्कुलं बाळ आहे? ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी समजायचो, लागलंय. तरी डबा भरला, तरी निघाली. आणि मधे रस्त्यात आठवलं असेल तिला. जाऊ का नको. जाऊ का नको. पाय अडला."

"नाही हो काका!"

"मग का थांबली?"

आता टळायला जागा नव्हती. गेले अठरा दिवस जे दार पेंटर शोधत होता, ते त्याच्यासमोर सताड उघडं होतं. तो उठून उभा राहिला.

"मी थांबवलं. मी ओरडलो, काकू, थांबा. गाडी अजून लांब होती, काका. त्यांनी ऐकलं आणि थांबल्या. ओरडलो नसतो तर त्या तुमच्या पायरीवर आल्या असत्या. तुमच्या खेकसण्याचा काही संबंध नाही. मी मारलं त्यांना. मी."

घड्याळवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी मऊ पसरलं. तो राग नव्हता.

"भला माणूस आहेस तू," म्हातारा म्हणाला.

"काका, खरं सांगतोय."

"पंक्चरवाला म्हणतो, हाक उशिरा आली. पोलिसांच्या कागदावर तुझी सही आहे. उपयोग झाला नाही, हे तूच सांगितलंस. मी वाचलाय तो कागद."

"मी घाबरलो होतो! सगळे उभे होते, तुम्ही होतात."

"आणि आज मी रडतोय म्हणून दुसरं सांगतोस."

"काका, त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं हो! हाक ऐकल्याशिवाय कोण वर बघेल?"

म्हाताऱ्याचं बोट धुळीच्या रेषेवर थांबलं. क्षणभर पेंटरला वाटलं, पोचलं. आता पोचलं. आता हा उठेल, थोबाडीत मारेल, शिव्या देईल, दुकानातून हाकलेल. त्याने गालसुद्धा पुढे केला असता.

"तुझ्याकडे नाही रे," घड्याळवाला म्हणाला. "दुकानाकडे बघत असेल. मी दारात आलोय का, ते. एखाद्या वेळी मी रुसवा काढायला दारात यायचो. त्या दिवशी आलो नाही. मान खाली घालून बसलो होतो."

मग तो काउंटरला वळसा घालून आला, त्याने पेंटरच्या डोक्यावर हात ठेवला. हात सुकलेला, हलका, तेलाच्या वासाचा. "माझ्यासाठी असलं काही अंगावर घेऊ नकोस. तुला मुलंबाळं आहेत. माझं मला भोगू दे."

पेंटरला हुंदका फुटला आणि म्हातारा त्याचीच समजूत काढू लागला. अरे, असं नाही करायचं. पाणी घे. बस जरा. जितकं तो थोपटत होता तितकं पेंटरच्या आत काहीतरी खाली खाली जात होतं, तळ न लागता. आता कुणाला सांगणार? जे खरं होतं ते त्याने स्वतःच्या सहीने खोटं करून ठेवलं होतं, आणि त्या खोट्याच्या ओझ्याखाली एक म्हातारा मरेपर्यंत वाकणार होता.

संध्याकाळ झाली. रस्ता काठ सोडून वाहू लागला. घड्याळवाल्याने शटर ओढलं, कुलूप घातलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"मी हल्ली लांबच्या सिग्नलवरून जातो," तो म्हणाला. "अर्धा तास मोडतो. इथून पाऊल टाकायचं धाडस होत नाही. पण आज तू आहेस. तुझी नजर चांगली आहे." त्याने पेंटरचा दंड धरला, लहान मूल धरतं तसा, घट्ट. "कधी निघायचं ते तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

दोघे कडेला उभे राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. एक बस गेली, मागचा रस्ता रिकामा झाला, चांगला मोकळा, चार माणसं निवांत जातील इतका. पेंटरने माप घेतलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही. फट भरून गेली.

"आता?" म्हाताऱ्याने विचारलं.

पेंटरने पुन्हा रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

पुन्हा रस्ता मोकळा झाला, पुन्हा भरला. घड्याळवाला मान खाली घालून, त्याच्यावर सगळा भरवसा टाकून, वाट बघत उभा होता. पलीकडे त्याच्या घराची खिडकी काळोखी होती. पेंटरच्या घशात ‘चला’ होतं आणि ‘थांबा’ही होतं, आणि दोन्हींपैकी एकही त्याच्याने बाहेर काढवेना.

"सांग ना रे," म्हातारा म्हणाला. "मी तयार आहे."