जिन्यावरून पडले

"एकच?" वकीलबाईंनी कागद उलटा करून पाहिला, जणू उरलेल्या ओळी मागच्या बाजूला दडून बसल्या असाव्यात. "सिस्टर, चौदा महिन्यांत ही बाई तुमच्या दवाखान्यात एकदाच आली?"

टाकेवाली सिस्टर समोरच्या बाकाकडे बघत राहिली. तिथे शिलाईवाली बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ब्लाउज शिवून पोट भरणारी बाई. तिच्या भुवईवरचे पाच टाके सिस्टरने स्वतः घातले होते. खालच्या ओठावरचे तीन, कानामागचे दोन, तेही. वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी ताज्या रक्तात. आणि कागद म्हणत होता, एक.

"तीन वाजता सुनावणी आहे," वकीलबाई म्हणाल्या. "हिच्या नवऱ्याला घरात पाऊल टाकायला बंदी हवी आपल्याला. एकदा पडली म्हटल्यावर कोण देईल बंदी? मग संध्याकाळी हिला त्याच घरात जायचंय."

"साडेअकरा झालेत," सिस्टर म्हणाली. "बसा तुम्ही. मी बघते."

दहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती अपघात विभागात होती. तिचा टाका असा, की जखम भरल्यावर रेघ शोधावी लागे. शिलाईवाली एकदा सुजल्या ओठांनी म्हणाली होती, "सिस्टर, तुमचा टाका माझ्यापेक्षा बारीक हो." मग एका रुग्णाच्या दारू प्यालेल्या भावाने ड्रेसिंगच्या खोलीचं लोखंडी दार सिस्टरच्या उजव्या हातावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा हाडाचा आवाज तिने आधी ऐकला, कळ मागाहून आली. दोन बोटं वाकेनाशी झाली. सुई सुटली, आणि वरच्यांनी तिला नोंदणीच्या खोलीत बसवलं.

कागदी वही बंद झाली होती. जुन्या-नव्या सगळ्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांत, जायच्या. वॉर्डातले मामा हसायचे, "ढगात ठेवता होय सिस्टर? वारा सुटला की जातील की उडून!" तीही हसायची, आणि डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत शिकायची. शिकवणाऱ्या इंजिनिअरबाई फोनवर होत्या, दूरच्या कुठल्या शहरात. त्यांचे इंग्रजी शब्द जिभेवर बसेनात, म्हणून सिस्टरने आपले शब्द लावले. नोंदी म्हणजे पाणी. अपघात विभागाचं पाणी येतं, एक्स-रेचं येतं, औषधांचं येतं. आलं तसं कच्च्या हौदात साठतं. मग गाळणीतून गाळून पिण्याच्या हंड्यात. यादी निघते ती हंड्यातून.

आज तिने सगळे टप्पे उघडले. सगळ्यांपुढे हिरवी खूण. कुठे लाल नाही, कुठे बिघाड नाही. तिने फोन लावला.

"सगळं हिरवं आहे हो, आणि माणूस गायब आहे."

"हिरवं म्हणजे काम झालं, एवढंच," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "बरोबर झालं असं नाही. मोजत या. कच्च्या हौदात तिच्या किती ओळी?"

सिस्टरने मोजल्या. "नऊ."

"गाळणीच्या आधी?"

"नऊ."

"नंतर?"

सिस्टरने दोनदा पाहिलं. "एक."

"मग चूक पाण्यात नाही, सिस्टर. गाळणीत आहे. तिथला नियम कुणी लिहिला, आठवतंय?"

तिनेच लिहिला होता. शिकायला लागून दुसराच महिना होता. खिडकीतला कारकून एकाच रुग्णाची नोंद दोनदा दाबायचा, एका माणसाची दोन माणसं व्हायची. म्हणून तिने नियम घातला: कार्ड एक, कारण एक, तर ओळही एकच. बाकीच्या काढून टाक. इंजिनिअरबाईंनी शाबासकीही दिली होती.

तिने नऊ कच्च्या ओळी पडद्यावर मांडल्या. भुवई फाटली. ओठ फाटला. कानाचा पडदा, कानामागे जखम. मनगट. दोन बरगड्या. पाठीवर भाजलेलं, इस्त्रीच्या आकाराचं. दाढ. पुन्हा भुवई. गळ्यावर बोटांचे वळ. आणि प्रत्येकीपुढे कारणाच्या रकान्यात तेच ते, अक्षराला अक्षर जुळलेलं: जिन्यावरून पडले.

शिलाईवाली तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायची. तिच्या घराला जिनाच नव्हता.

नवऱ्याने पढवलेलं खोटं, आणि सिस्टरने लिहिलेला नियम. दोघांनी मिळून आठ वेळची मारहाण पुसून टाकली होती. अगदी धुऊन काढल्यासारखी.

"रडू नका," फोनमधून आवाज आला. "नियमात भेटीची वेळ घाला. मग गाळणी पुन्हा चालवा. वीस मिनिटं लागतील."

तिने वेळ घातली. बटण दाबलं.

बाराव्या मिनिटाला दारात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. "ताई, माझी बायको इथं आलीय का?" त्याने गोड आवाजात विचारलं. बाकावरची पिशवी खाली पडली. त्याने बायकोकडे पाहिलं, वकीलबाईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. नऊ ओळी त्याने ओठ हलवत वाचल्या.

"कोण हिचे कान भरतंय? तू?"

त्याने लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव पडद्यावर बसला, काचा सिस्टरच्या मांडीवर सांडल्या. दुसरा खालच्या संगणकाच्या पेटीवर. तिसरा तिच्या कपाळावर. ती भिंतीवर आदळली, तर त्याने केस धरून तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. वकीलबाई ओरडल्या. वॉर्डातले दोन मामा धावत आले, दोघांनी त्याला खाली पाडलं, एकाने पाठीत गुडघा रोवला. तो हसत होता.

"काढ की आता नोंद! काढ ना! फुटलं तुझं मशीन!"

सिस्टर रक्त थुंकली. रक्ताबरोबर एक दात आला. ती म्हणाली, "नोंदी तिथं नव्हत्याच रे, मुडद्या. ढगात आहेत."

एका मामांच्या खांद्यावर भार टाकून ती अपघात विभागाच्या खिडकीशी गेली. कारकुनाच्या मशीनवर डाव्या हाताने आपला पासवर्ड घातला. रक्त डोळ्यात उतरत होतं, ती बाहीने पुसत होती. गाळणी चालून झाली होती. हंड्यात नऊ. तिने यादी छापली, मोठ्या डॉक्टरांनी शिक्का मारला. कागदाच्या कोपऱ्याला तिच्या अंगठ्याचा लाल ठसा तेवढा लागला. वकीलबाईंनी तो तसाच फाईलमध्ये घातला.

"तुमचीही नोंद करावी लागेल, सिस्टर," कारकून चाचरत म्हणाला. "कारण... काय लिहू? पडल्या?"

तिने सुजलं तोंड उघडलं. मागून आवाज आला, बारीक, पण न थांबता.

"मारलं. माझ्या नवऱ्यानं मारलं, असं लिहा. आणि हे दहावं. आधीची नऊही पडून झालेली नव्हती."

कारकुनाने लिहिलं. एकदाच दाबलं.

दोनला निघायचं होतं, अजून थोडा वेळ होता. डॉक्टरांनी सुईत दोरा ओवला. शिलाईवाली खाटेशी उभी राहिली. सिस्टरची ती दोन न वाकणारी बोटं तिने आपल्या मुठीत धरली, आणि सुई टेकायच्या आधी म्हणाली, "डॉक्टर, जरा बारीक घाला. यांचा टाका लई बारीक होता."