बिबट्या काय खातो

चिमट्याला लागलेलं, त्या सकाळी: एक लांब केस, अर्धा काळा, अर्धा पांढरा. कांद्याचं सुकलेलं साल. पेन्सिलीला टोक काढताना पडते ती झालर.

कवळ्या बनवणाऱ्याचा हात थरथरून चालत नाही. म्हणून राग आला की तो आधी हातातली वस्तू खाली ठेवायचा आणि मग रागवायचा. तोवर राग बहुतेक वेळा निघून गेलेला असायचा. त्या सकाळी त्याने चिमटा खाली ठेवला नाही. केस तसाच धरून तो बाल्कनीतून स्वयंपाकघरात आला आणि चहा पीत बसलेल्या बायकोसमोर उभा राहिला.

"हे काय आहे?"

"केस."

"कुणाचा?"

तिने त्याच्या डोक्याकडे एकदा नीट पाहिलं. तिथे बरीच वर्षं काही उगवलेलं नव्हतं. "तुमचा नसावा," ती म्हणाली.

झाडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर एका केसावरून संसार पणाला लावणारा हा माणूस वेडा वाटेल. सांगूनही वाटेलच, पण निदान रीतसर वाटेल.

ते ऑर्किड होतं, आफ्रिकेतल्या रानातलं. रोप रोपवाटिकेत बियांपासूनच वाढवलेलं, पण जात मूळची, कुणाशी संकर न केलेली. रानात ते उंच झाडाच्या बेचक्यात बसतं. उसासारखी कांडी, आणि पिवळ्या फुलांवर तपकिरी ठिपके. म्हणून रोपवाटिकेच्या मालकीणबाई त्याला बिबट्या म्हणायच्या. विकताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "ऊन भरपूर. उन्हाळ्यात पाणी मोकळ्या हाताने, थंडीत हात आखडता. रानातलं आहे, फार लाड करू नका." शेवटचं वाक्य दुकानदार सगळ्यांनाच म्हणतात तसलं असणार, असं समजून त्याने ते सोडून दिलं.

बिबट्या बाल्कनीत लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत टांगलेला असे. त्याची खोड एकच. काही मुळं सभ्य मुळांसारखी खाली जायची, आणि बाकीची टोपलीतून वर यायची. पांढरी, सुईसारखी टोकदार, आकाशाकडे तोंड करून उभी, दाटीवाटीने. टोपलीत साळिंदर बसवावं तसं. वाऱ्याने उडालेलं, वरच्या मजल्यावरून पडलेलं जे काही असेल, ते त्या सुयांत अडकून बसायचं.

ज्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे दात एका ओळीत बसवण्यात गेलं, त्याने हे उघड्या डोळ्यांनी कसं बघावं? रोज सकाळी तो चिमट्याने एकेक काडी, पान, धागा काढायचा. मग मऊ ब्रश, उकळून गार केलेलं पाणी, आणि प्रत्येक मूळ मुळापासून टोकापर्यंत, हिरड्यांना धक्का न लावता. टोकं कधी मोडायची. कामात थोडी तूटफूट चालायचीच. खत त्याने सुरुवातीलाच बंद केलं होतं, कारण खताने मुळांवर पांढरा थर येतो. कीटण. दातांवरचं असो की मुळांवरचं, कीटण म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

आपण हास्यास्पद आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. ब्रश हातात घेऊन तो स्वतःशीच म्हणायचा, "चला, बिबट्याचे दात घासायची वेळ झाली." स्वतःची टिंगल तो स्वतःच करायचा. दुसऱ्याने केली की नीटनेटकी होत नाही, असं त्याचं मत होतं.

तर, स्वयंपाकघर.

"बाल्कनीत डबा आहे," तो म्हणाला. "इथे ओट्याखाली डबा आहे. जिन्याखाली मोठी पेटी आहे. इतक्या सोयी असताना तू माझ्या झाडात कचरा टाकतेस."

"या घरात तुम्हाला माझा केससुद्धा खपत नाही."

आता इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. हा म्हणाला, "केस खपतो. मुळांत खपत नाही."

तिने चहा शांतपणे संपवला. कप बशीत न ठेवता टेबलावर ठेवला, ओला गोल उमटेल असा. मग आत जाऊन बॅग भरली.

"ताईकडे जाते."

"किती दिवस?"

"तुमच्या बिबट्याला फूल आलं की कळवा."

बिबट्याला आजवर एकदाही फूल आलेलं नव्हतं. दार लागल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल? टेबलावरचा गोल पुसला. पुसून झाल्यावर त्याला वाटलं, राहू द्यायला हवा होता.

चिमट्याला लागलेलं, पुढच्या आठवड्यात: एक कबुतराचं पीस. आणखी काही नाही.

त्याने तिचं बोलणं शब्दशः धरलं. तो तसा माणूस होता. माप दिलं की मापात बसवून द्यायचं. फूल आलं की ती येणार, म्हणजे फूल आणायचं. टोपली ऊन मिळेल तशी सरकवली. पाण्याच्या वेळा पाळल्या. ब्रश दोनदा केला, सकाळी आणि झोपण्यापूर्वी, जसा तो सगळ्यांना सांगायचा. मुळं इतकी लखलखीत झाली की त्यांच्याकडे बघून हसावंसं वाटे. आणि बिबट्या सुकायला लागला.

आधी खालची पानं पिवळी पडली. मग नवा कोंब आला तो बोटभर वाढून थांबला, पुढचं वाक्य विसरल्यासारखा. जुनी कांडी सुरकुतली. पाणी कमी केलं, जास्त केलं, पुन्हा कमी केलं. कामाच्या टेबलासमोर त्याने याच जातीच्या झाडाचा रानातला फोटो लावला होता. उंच बेचक्यात बसलेलं, फुलांनी लगडलेलं, आणि सभोवती मुळांचं हे भलंमोठं घरटं, त्यात सडकी पानं, साली, काड्या, मेलेले किडे. फोटो बघून त्याला दर वेळी एकच वाटायचं, काढण्याआधी कुणी दोन मिनिटं हात फिरवला असता तर.

शेवटी त्याने कारण शोधून काढलं. झाडाला तिची आठवण येत होती.

हसू नका. तो स्वतःच हसला. मग तिला कळवायचं म्हणून फोन हातात घेतला.

"तू गेल्यापासून झाडाने अन्नपाणी सोडलंय आणि मलाही" (खोडलं.)

"तू गेल्यापासून झाड खंगलंय, घरात आवाजच" (खोडलं.)

"झाड तुझी फार आठवण काढतं." ("फार" खोडलं. मग सगळंच.)

पाठवलं ते हे: "झाडाला बरं नाही."

उत्तर आलं, "डॉक्टरला दाखवा."

संध्याकाळी साडूंचा फोन. साडू म्हणजे तिच्या ताईचे यजमान, मोटारींची रंगरंगोटी करणारे, आवाजाने गडगडाटी.

"काय साडूभाऊ, पेशंट कसा आहे?"

"पानं गळतायत."

"तुमची की झाडाची?"

"झाडाची."

"बरं. इकडे आमच्या घरी तुमचं नाव काढलं की बहिणी बहिणी एकमेकींकडे बघून हसतात. हे चांगलं की वाईट, मला कळत नाही. तुम्हाला कळतं का?"

"नाही."

"मग आपण दोघं सारखेच. या एकदा. पण येताना तो चिमटा घरी ठेवा."

चिमटा शर्टाच्या खिशात होता. फोन ठेवताना त्याने तो चाचपून पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी काढून ठेवला नाही.

डॉक्टरला दाखवायचं, तर त्याची डॉक्टर एकच. त्याने झाडाचे फोटो काढून रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना पाठवले, मुळांचे जरा जवळून. त्यांचा लगेच फोन आला.

"मुळं फारच सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "झाड कुठे गेलं?"

"तेच विचारतोय."

"खत कुठलं देता?"

"बंद केलं. थर येतो."

"कधी बंद केलंत?"

"नेलं तेव्हाच."

"बरं. मग वरून पडतं ते तरी राहू देता ना त्यात? पालापाचोळा?"

"छे. रोज काढतो. ब्रशने."

पलीकडे मागे कुठे तरी पाण्याची नळी चालू होती.

"अहो, त्या सुया उगाच वर येत नाहीत," त्या म्हणाल्या. "ते त्याचं ताट आहे. पडेल ते धरायचं, कुजवायचं, खायचं. तुम्ही रोज समोरचं ताट उचलून धुऊन ठेवताय." मग त्यांनाच काही तरी सुचलं. "पण मग इतके दिवस हे जगलं कशावर? मागे पाठवला होतात त्या फोटोत तर चांगलं गरगरीत होतं. कोणी तरी घालत असणार काही तरी."

त्याने "हो" म्हटलं की नुसतीच मान हलवली, हे नंतर त्याला आठवेना.

कोणी तरी घालत असणार काही तरी. तो सकाळी काढायचा, ती दिवसभर टाकायची. आणि बारीक चुरा, चहाचा गाळ, सालीचे कण सुयांच्या मधे इतके आत जायचे की चिमटा पोचायचा नाही. हेच त्याला सगळ्यात जास्त खटकायचं. तेवढ्यावर बिबट्या तगला होता.

आता कोणालाही वाटेल, गडी उठला आणि बायकोला आणायला निघाला. तो आधी कचरा बनवायला बसला.

इमारतीच्या मागच्या झाडाखालून सुकी पानं आणली. ती धुतली. उकळली. कापडावर वाळवली. मग कवळीचं मेण कापायच्या सुरीने सारख्या आकाराचे तुकडे केले, आणि चिमट्याने, एका मुळाआड एक, असे बसवले. मागे सरकून बघितलं. बिबट्याच्या तोंडात पूर्ण कवळी बसली होती. वरची आणि खालची. नुसता चावा घ्यायचा बाकी होता.

तो बाल्कनीतच खाली बसला आणि हसत सुटला. शेजारची खिडकी उघडून बंद झाली. दुनियाभरचा कचरा काढत आलेल्या माणसाला मूठभर कचरा करता येत नव्हता. हसू ओसरल्यावर त्याने फोन लावला. या खेपेला काही खोडायची सोय नव्हती.

"बोला," ती म्हणाली.

"तू त्यात काय काय टाकायचीस?"

"कशात?"

"बिबट्यात."

"अजून केसावरच आहात?"

"भांडत नाही. विचारतोय. त्याचं जेवण होतं ते. मला माहीत नव्हतं. तू गेल्यापासून उपाशी आहे."

ती म्हणाली, "जेवण कसलं? मला तरी कुठे माहीत होतं? तुमचा राग आला की टाकायचे. माझे चपला-जोडे रांगेत लावलेत, टाकली चहाची पत्ती. माझं उघडं ठेवलेलं पुस्तक मिटून कपाटात ठेवलंत, टाकलं अंड्याचं कवच चुरून. मी बोलत असताना टेबल पुसायला घेतलंत..."

"तेव्हा काय?"

"तेव्हा हातात येईल ते."

त्याने वर बघितलं. जुन्या कांड्या, तिच्या काळातल्या, अजूनही अंगठ्याएवढ्या जाड होत्या.

"चांगला पोसला होता," तो म्हणाला, आणि मग दुरुस्त केलं, "पोसला होतास तू. पुष्कळ राग आला असणार."

"पुष्कळ."

"आता?"

"आता काय?"

"उरलाय का थोडा?"

"इथे येऊन साठलाय उलट. ताईकडे टाकायला जागा नाही. यांचं घर आधीच भरलेलं."

"मग घेऊन ये इकडे," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर वाक्य सुबक झालं असतं. "फूल काही आलेलं नाही. येईल असंही वाटत नाही. झाडाला आठवण येते म्हणून सांगणार होतो, ते खोटं होतं. झाड उपाशी होतं. आठवण मला येते."

पलीकडून साडूंचा आवाज, लांबून, "काय म्हणतोय पेशंट?" आणि तिचा, फोनवर हात ठेवूनही स्पष्ट, "बोलायला लागलाय."

रविवारी ती आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गोणपाटाची पिशवी. ताईच्या अंगणातला पाचोळा, किड्यामुंग्यांसकट. चपला दारात काढल्या, एक सरळ, एक पालथी. त्याने पालथी सरळ केली. तिने बघितलं. त्याने ती पुन्हा पालथी घातली, पण मुद्दाम घातलेली पालथी चप्पल मुद्दाम घातल्यासारखीच दिसते.

"राहू द्या," ती म्हणाली. "जमेल हळूहळू."

बाल्कनीत तिने टोपलीतली ती पूर्ण कवळी बघितली. सारख्या मापाचे तुकडे, एका ओळीत. बराच वेळ बघत राहिली.

"हे उकळून घेतलंत?"

"हो."

"अहो, काय म्हणावं तुम्हाला."

"मीही तेच म्हणत होतो."

तिने पिशवी उचलून सरळ टोपलीवर उपडी केली. निम्मा पाचोळा जमिनीवर सांडला. एक मुंगळा टोपलीच्या कडेवरून चालत त्याच्या बाहीवर आला. मग तिने केसांतला कंगवा काढला, त्यातले अडकलेले केस बोटांनी ओढले, गुंडाळी केली, आणि त्याच्याकडे बघत, अगदी सावकाश, सुयांच्या मधोमध सोडली.

त्याने चिमटा खिशातच राहू दिला. हात मात्र खिशात गेला होता, आणि ते तिला दिसत होतं.

"आता कसला राग होता?" त्याने विचारलं.

"हा मागचा," ती म्हणाली. "आजचा अजून यायचाय. आधी चहा टाका."

तो चहा टाकायला गेला. जमिनीवरचा पाचोळा ओलांडून.