तिसऱ्या ट्रॅकची कड

बाळ दुपारी झोपलं की धाकटीच्या हाती एक तास लागायचा; फार झालं तर सव्वा. तेवढ्यात ती मागच्या खोलीत शिरायची. खिडकीला गादी टेकवलेली, दाराला दोन रजया लटकवलेल्या, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी, म्हातारा पाहुणा बसावा तसा, चार ट्रॅकचा, एकाच पट्टीवर चार आवाज वेगवेगळे भरणारा टेपरेकॉर्डर. नवरा या खोलीला अडगळीतली अडगळ म्हणायचा. पण वायर तुटली की जोडून द्यायचाही तोच.

त्यातल्या टेपवर ताईचं, तिच्या थोरल्या बहिणीचं, गाणं होतं. सहा वर्षांपूर्वी, घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात गायलेलं. नंतर वरचे सूर लागतील की नाही, डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. ताईने एका दमात गाऊन टाकलं आणि म्हणाली, झालं, आता काय व्हायचं ते होवो. दुसऱ्या दिवशी धाकटीने हौसेने आपला साथीचा आवाज भरायला घेतला. चौथ्या ट्रॅकचं लाल बटण दाबायचं, ते तिने तिसऱ्याचं, ताईच्या आवाजाचं, दाबलं. डोळे मिटून, अगदी मन लावून, अख्खं दुसरं कडवं गायली. डोळे उघडले तेव्हा ताईचं कडवं गेलेलं होतं.

ऑपरेशननंतर ताईचे वरचे सूर परत आले नाहीत. ताई चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर सोपं गेलं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली, लांबच्या गावी नोकरी धरली, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं आईच्या तोंडून चाललेलं. बाळ झालं तेव्हा ताईचे आशीर्वादसुद्धा आईनेच पोचवले.

गेल्या महिन्यात धाकटीने मशीन दुरुस्तीला नेलं. मेकॅनिक काका हेडफोन लावून, मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, नवा आवाज भरताना जुना पुसणारं हेड तिरकं बसलंय, त्यामुळे तिसऱ्या ट्रॅकची कड पुरती कोरी झालेली नाही. घाईत केर काढताना कोपरा राहतो ना, तसं.

"तुझ्या आवाजाखाली कुणीतरी आहे, पोरी."

ती कड ऐकू यावी म्हणून काकांनी वाचणारं हेड केसभर खाली सरकवून दिलं आणि बजावलं, की टेपच्या खपल्या सुटायला लागल्यात, उगाच फिरवत बसू नकोस.

तिने ती एकदाच वाजवली, थेट कॉम्प्युटरमध्ये घेतली. वर तिचा स्वतःचा आवाज, जाडाभरडा, आणि त्याखाली ताई, शेजारच्या घरात दार लावून गात असल्यासारखी. दोन आवाज वेगळे करायचे म्हणजे पाण्यातून दूध काढण्यातला प्रकार. पण धाकटी जिथे दम घ्यायला थांबली होती, जिथे तिने शब्द आखूड सोडला होता, तिथे ताई एकटी ऐकू येत होती.

तेवढ्याच फटी ती कापून घेत बसली. दिवसभर बाळाशी बोबडं बोलून झाल्यावर मोठ्या माणसाचा कानावर पडणारा आवाज तेवढाच. तीन आठवड्यांच्या दुपारी गेल्या. एकोणीस तुकडे निघाले: अर्धे शब्द, एक हुंकार, आणि शेवटच्या ओळीतला तो लांब, वरचा सूर, सबंध.

तिने ते ताईला पाठवले. सोबत एवढंच लिहिलं, की पुसलेल्यातून हे सापडलं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दुपारी ताईचा आवाजी निरोप आला. आवाज घोगरा झाला होता, आईसारखा.

"नवव्या तुकड्यातला श्वास माझा नाही. तुझा आहे. मी तिथे श्वास घेतच नाही." मग भांडं ठेवल्यासारखं काहीतरी वाजलं. "काढ तो."

बस. बाळ कसं आहे नाही, तू कशी आहेस नाही. धाकटीने तो निरोप पाच वेळा ऐकला.

श्वास सापडला, डोळ्याची पापणी लवावी एवढा. तिने तो कापला, तर तिथे कॉम्प्युटरची कोरी शांतता आली, विहिरीत डोकावल्यासारखी. म्हणून तिने गाण्याच्या सुरुवातीची, ताई माइकसमोर उभी आहे पण अजून गायला लागलेली नाही, तेव्हाची टेपची बारीक सरसर उचलली आणि तिथे भरली. परत पाठवलं.

आत बाळ कुरकुरायला लागलं. तिने त्याला उचलून आणून मांडीवर घेतलं, एक कान त्याच्यासाठी उघडा ठेवला, दुसऱ्यावर हेडफोन दाबला आणि दहाव्या तुकड्यात आपला आणखी एखादा श्वास राहिलाय का, ते ताईच्या आधी शोधायला लागली.