मागायच्या आधीच

एकतीस वर्षं मी हॉटेलात वेटर होतो, त्यातली शेवटची बारा हेड वेटर. लोक मला कॅप्टन म्हणायचे, अजूनही म्हणतात. आमच्या धंद्यात माणूस एकाच गोष्टीवर ओळखला जातो. गिऱ्हाइकाने मान वळवायच्या आत पाणी टेबलावर पोचलं पाहिजे. हात वर करून 'अहो, जरा इकडे' म्हणायची पाळी गिऱ्हाइकावर आली, तर तो वेटर कसला, तो खांब. नव्या पोरांना मी हे तोंडावर सांगायचो, आणि त्यातली निम्मी रडायची.

निवृत्त झालो आणि नात सांभाळायला लागलो. जावई जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यातच. मुलगी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते, सकाळी सातला घर सोडते. तेव्हापासून ठकू माझ्या ताब्यात. ठकू हे काही कागदावरचं नाव नाही, पण कागदावरच्या नावाला ती ओ देत नव्हती. खरं तर ती कशालाच ओ देत नव्हती, तिथेच तर घोडं अडलं होतं. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. 'अं' म्हणायची, फार तर बोट दाखवायची.

डॉक्टरांनी कान तपासले. माझ्यापेक्षा चांगले निघाले. मग त्यांनी एक पत्ता लिहून दिला. अग्निशमन दलाची इमारत, वरचा मजला, खेळघर. आठवड्यातून दोनदा, लहान मुलं आणि त्यांना सांभाळणारी मोठी माणसं, दोघांसाठी.

मुलीने ती चिठ्ठी वाचली आणि पर्समधून दुसराच कागद काढून माझ्यासमोर ठेवला. राजीनामा.

"महिनाअखेरपर्यंत बघते," ती म्हणाली. "नाहीच बोलली तर मी घरी बसते. माझंच चुकतंय, बाबा. आई घरात नाही, मग पोर बोलणार कुणाशी?"

शेजारच्या काकूंनी हे तिच्या डोक्यात भरवलं होतं. त्या नोकरीसाठी माझ्या लेकीने पुस्तक हातात धरून पायाने पाळणा हलवलाय, मी पाहिलंय. पण मी म्हणालो, "बरं, सोड नोकरी. तुझ्या साहेबांशी मी बोलतो, तू काळजी करू नकोस." तिने कागद परत पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, चला, पटलं.

खेळघरात गेलो तो कपाळाला आठ्या घालूनच. खाली लाल बंब धुवायचं काम चाललेलं, वर एक लांबट खोली. जमिनीवर जाड चटई, बुटकी कपाटं, कोपरे चघळलेली चित्रांची पुस्तकं. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांना कापडी पिशव्या. एकेकीत चार खेळणी आणि एक पुस्तक. दर आठवड्याला एक पिशवी घरी न्यायची, परत आणून दुसरी घ्यायची. खाली घंटा वाजली की सगळी पोरं खिडकीकडे पळायची आणि त्यांच्यामागे सगळे आईबाप. तिथल्या बाई बुटक्या, चष्मा कायम डोक्यावर, आवाज इतका हळू की पोरंसुद्धा ऐकायला जवळ यायची.

दुसऱ्या खेपेला त्यांनी साबणाचे फुगे उडवले. एकदाच. मग बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि नुसत्या बसून राहिल्या. पोरं बाटलीकडे बघतायत, बाई पोरांकडे बघतायत. ठकूने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, नजर थोडी वळली. मी ताडकन उठलो.

"अहो, तिला अजून हवेत!"

"कॅप्टन," बाई हसून म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं नव्हतं."

सगळे हसले. माझे कान तापले. तास संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "रागावू नका. एका तासात तुम्ही ठकूला सतरा वस्तू दिल्यात, मी मोजल्या. पाणी, रुमाल, चेंडू, बूट. तिला एकही मागावी लागली नाही."

"मग? उपाशी ठेवू तिला?"

"तेवढ्यामुळेच ती बोलत नाही, असं मी म्हणत नाही. पण मागायची वेळच आली नाही, तर शब्द कशाला लागतील? वस्तू हातात धरा, तिचं नाव घ्या, तिच्या तोंडाकडे बघा आणि मनात दहापर्यंत मोजा. मग द्या."

दहा! आमच्या हॉटेलात दहा अंक थांबलो असतो तर मालकाने घरी पाठवलं असतं. मी तोंडाला येईल ते बोललो. काल आलेल्या बाया आम्हाला पोरं सांभाळायला शिकवणार, बायको गेल्यावर एकट्याने लेक वाढवलीय मी, वगैरे वगैरे. बाई ऐकत राहिल्या. मी ठकूला काखोटीला मारलं आणि जिना उतरायला लागलो.

जिन्यात खेळघरातलीच एक टॅक्सीवाली बूट घालत बसली होती. तिचा मुलगाही उशिरा बोलला होता, हे मला नंतर कळलं. ती काही बाजूला सरकेना.

"झाली तुमची बोलणी खाऊन? मी तर पहिल्या दिवशी दार आपटून गेले होते," ती म्हणाली. "मग आले परत. अहो, जाणार कुठे? बाकी जगात सगळे फक्त 'अजून बोलत नाही?' एवढंच विचारतात. इथे निदान काय करायचं ते सांगतात."

हे मात्र मला लागलं. शेजारच्या काकू, दूधवाला, जावयाची आत्या, सगळे हेच विचारत होते. मी परत वर गेलो.

मोजणं सोपं वाटतं, करून बघा. पुढच्या खेपेला माझा हात ऐकेचना. दोनवर गेलो की चेंडू ठकूच्या मांडीवर. शेवटी टॅक्सीवाली वैतागून म्हणाली, "हातांवर बसा!" मग मी, एकतीस वर्षांचा अनुभवी माणूस, चटईवर स्वतःच्या हातांवर बसलो, आणि समोर बाकीचे आईबाप कोरसमध्ये मोजायला लागले. एक, दोन, तीन. पोरांना वाटलं नवा खेळ आहे, तीही येऊन हातांवर बसली. मीसुद्धा हसलो, काय करणार.

घरी मात्र हसू यायचं नाही. ठकू रडायची, पाय आपटायची, माझं काळीज तुटायचं आणि चारवर मी हार मानायचो. रोज संध्याकाळी टॅक्सीवालीचा फोन. "आज किती?" "पाच." "काल चार होते ना? मग चढताय की!" एकदा मी सात म्हणून थाप मारली, तर म्हणाली, "कॅप्टन, गिऱ्हाइकाला फसवा, मला नाही." ती माझी कोण? कुणीच नाही. दिवसभर गाडी हाकून थकलेली बाई, पण फोन कधी चुकला नाही.

महिना संपायला एक दिवस उरला. दुपारी चारचं दूध. पेला मी वर्षभर नेमाने चारला देतोय, त्यात कधी मिनिटाचा फरक नाही. त्या दिवशी पेला हातात धरला. "दूध," म्हणालो. तिच्याकडे बघत बसलो. एक, दोन. तिने पेल्याकडे पाहिलं. पाच, सहा. नाक मुरडलं. आठ. नऊ.

तिने तळहात पेल्यावर ठेवला, पेला मागे लोटला आणि स्वच्छ म्हणाली, "नको."

अगं माझे बाई! दूध माझ्या सदऱ्यावर सांडलं तरी मला कळलं नाही. म्हणजे वर्षभर मी या पोरीला नको असलेलं दूध पाजत होतो, आणि ती बिचारी मुकाट पीत होती. माझ्या हातून कुणी काही परत पाठवलं आणि मला आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी तिला उचलून गरागरा फिरवलं. खाली ठेवल्यावर तिने पुन्हा म्हटलं, "नको." फिरवलेलंही आवडलं नव्हतं.

मुलगी घरी आली तेव्हा ठकू झोपली होती. मी सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारा तिला बरं वाटावं म्हणून सांगतोय. मग पर्स उघडून तो कागद टेबलावर ठेवला.

"उद्या द्यायचाय. देऊ का, बाबा?"

माझं उत्तर तयारच होतं. माझी उत्तरं नेहमीच तयार असतात. कुठलं कॉलेज, कुठला नवरा, पाहुण्यांसमोर काय बोलायचं, सगळं मी तिने विचारायच्या आधीच ताटात वाढलंय. आई नसलेली पोर, तिला काही कमी पडू नये म्हणून. तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्चीत बसलो होतो, दोन्ही हात मांडीखाली सरकवले. एक, दोन. ती वाट बघत होती. चार. तिचा चेहरा हलला. मला काही बघवेना, पण बघत राहिलो. आठ.

"मला नाही द्यायचाय," ती म्हणाली. "मला ते काम आवडतं. फार आवडतं. तुम्ही साहेबांशी बोलतो म्हणालात ना, तेव्हाच सांगायचं होतं मला." आणि ढसाढसा रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. थोड्या वेळाने तिनेच कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी ठकूला घेऊन खेळघर उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. बाई ओल्या फडक्याने ठोकळे पुसत होत्या. ठकू सरळ पिशव्यांकडे गेली. मी येताना वाटेत पाठ केलं होतं, तुमचे उपकार, तुमचे कष्ट, टॅक्सीवालीचे फोन. पण बाईंसमोर सगळं पाठांतर विसरलो. त्या दिवशी जिना उतरायच्या आधी मी त्यांना काय काय बोललो होतो, ते मात्र आठवलं.

बाईंनी फडकं खाली ठेवलं. 'राहू दे' म्हणाल्या नाहीत, 'समजलं' म्हणाल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत नुसत्या थांबल्या. किती वेळ कोण जाणे, दहाच्या बऱ्याच पुढे गेलं असेल.

"बाई," मी म्हणालो, "माझ्या दोन्ही पोरी बोलल्या."