शिकागो ते संभाजीनगर, साडेचौदा तास

एस.टी.त कंट्रोलर म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला अंतर आणि वेळ यांतला फरक कुणी शिकवू नये. तातेरावांना तो काकासाहेबांनी शिकवला, तोही मोबाईलवर बोट ठेवून.

काकासाहेब म्हणजे शिकागोला नोकरीत असलेल्या नवरदेवाचे, सोमेश्वरचे चुलते, आष्टीचे. सुपारी फुटली त्याच दिवशी त्यांनी शिकागो ते संभाजीनगर हवाई अंतर काढलं: तेरा हजार किलोमीटर, साडेचौदा तास.

"शुक्रवारी हापिस सुटलं की सोमेश्वर इमानात. शनिवारी रात्री जेवायला घरी. रविवारी बारा पस्तीसचा मुहूर्त. बराबर बसतंय."

"सरळ इमान हाये का?" तातेरावांनी विचारलं. "मधी किती तास उतरायचं? मुंबईहून पुढं काय? आपलं जालना-परतूर बी नुसतं भागाकारानं निघत न्हाई, मधी वाटूरला थांबावं लागतं."

"इवाई, ही एस.टी. न्हाई," काकासाहेब व्याह्यांना म्हणाले.

बैठक हसली. तातेराव मुलीचे बाप होते, म्हणून तेही हसले.

शनिवारी रात्री काकासाहेबांनी पुतण्याचं ताट वाढून ठेवलं. फोन आला तो रविवारी सकाळी साडेनऊला, मुंबईतून. सोमेश्वर आखातात नऊ तास बसून आला होता, पुढचं विमान निघून गेलं होतं, आणि गाडी करून निघाला तरी चार वाजणार होते. इकडे बदनापूरच्या मंगल कार्यालयात सातशे माणूस अक्षता मागत होतं.

"गोरज मुहूर्तावर लावू," तातेराव म्हणाले.

"पत्रिकेत बारा पस्तीस छापलंय." काकासाहेबांनी सोमेश्वरला व्हिडिओ कॉल लावून नवरदेवाच्या पाटावर मोबाईल उभा केला, मागे तांब्याचा टेकू दिला आणि त्याला मुंडावळ्या बांधायला घेतल्या. "व्हिडिओवर लावून टाकू. मंगळसूत्र त्याचा धाकला भाऊ भारत घालंल. घरचाच हाये."

"मोबाईलसंग लग्न?"

"मुहूर्त टळला तर लोक पोरीचा पायगुण काढतेत. तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो."

हिशेब चुकला काकासाहेबांचा आणि पायगुण निघणार तातेरावांच्या लेकीचा, भावनाचा. रखडलेल्या गाड्यांपायी त्यांनी खिडकीत बसून एकतीस वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. पण गाडी उशिरा आली म्हणून प्रवाशाचा पायगुण काढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

ते तोंड उघडणार तोच भावनाने पाटावरचा मोबाईल उचलला.

"तुमचं काय म्हणणं आहे?" तिने सोमेश्वरला विचारलं.

"काका म्हणतात तसं करून टाका ना," पलीकडून आवाज आला. "मी गाडीत आहेच. फक्त जल्दी करा, पुढं घाटात रेंज जाते."

भावनाने फोन बंद करून काकासाहेबांच्या हातात ठेवला. मग स्वतःच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि त्याही त्यांच्याच हातात ठेवल्या.

"अगं पण लोकांला काय सांगायचं?" काकासाहेबांनी विचारलं.

"जेवून घ्या म्हणावं."

तातेरावांनी वाढप्याच्या हातून वरणाची बादली हिसकावली आणि ते पहिल्या पंगतीत शिरले. ते धावतच वाढत सुटले. वरण भातावर कमी आणि मांड्यांवर जास्त पडत होतं. आष्टीचे पाहुणे कोणते आणि आपले कोणते, असा भेद त्यांनी केला नाही, आणि चटका बसूनही प्रत्येकाने ताट पुढे केलं.