पावणेदहा इंच

मी एक टेप. गाण्यांची नव्हे, शिंप्याची. साठ इंच लांब, अंगठ्याएवढी रुंद, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. एकेकाळी रंग पिवळा होता, आता चहा सांडलेल्या कागदासारखा झालाय. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका, तेव्हा मी शेकडो बहिणींबरोबर एका खोक्यात गुंडाळून पडले होते. मला आठवतं ते एवढंच की एका माणसाने मला उचललं, झटकलं, उजेडात धरून माझे आकडे वाचले आणि गळ्यात टाकलं. त्या गळ्यात मी एकतीस वर्षं काढली.

त्या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात इस्त्री, आणि मधोमध कापायचं टेबल. हे टेबल म्हणजे मास्तरांचा जीव. त्याच्याशी उभं राहायचं, कापड पसरायचं, खडूने आखायचं, पलीकडचा काठ वाकून ओढून घ्यायचा आणि कात्री चालवायची. दिवसातून शंभरदा तरी ते त्या टेबलावर वाकत असतील.

मला चौकशीची भारी खोड. गळ्यात लटकून दुसरं करणार तरी काय? माणसांची एकेक तऱ्हा बघून घेतली मी. छाती मोजायला गेलं की ती फुगवतात, कंबर मोजायला गेलं की पोट आत ओढतात. मास्तर शांतपणे सांगायचे, "श्वास सोडा. कपडा घालून श्वासही घ्यायचाय ना?" मग पोट पुन्हा जागेवर यायचं आणि मी खरा आकडा सांगायची.

खरा म्हणजे, तसा खरा. आता लपवून काय करू? मी कापडी आहे. रोज ओढून ओढून मी सैल पडले. पहिल्या फूटभरात तर जास्तच, कारण मास्तरांची चिमूट कायम तिथे. माझ्या आकड्यांमधलं अंतर वाढत गेलं. खरं दहा इंच असेल तर मी पावणेदहा दाखवते. पण हे कधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. गिऱ्हाईकाचं अंग माझ्यानेच मोजलं जायचं आणि त्याचं कापडही माझ्यानेच, त्यामुळे चूक चुकीला पुसून टाकायची. बाही बरोबर बसायची, गिऱ्हाईक खूश, आणि माझं गुपित सुरक्षित.

मग गेल्या वर्षी मास्तर पडले. वय त्र्याहत्तर. कापडाचा पलीकडचा काठ घसरत होता, तो धरायला ते वाकले, पाय सरकला आणि धाडकन खाली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. मनगट सांधलं गेलं, पण मनात बसलेली भीती काही उठेना.

ते वरच्या खोलीत पलंगावर बसून राहू लागले. मला गळ्यातून काढून उशाशी ठेवलं होतं, तिथून मी सगळं पाहत होते. सून भली बाई, सासऱ्यांना फुलासारखं जपायची. पाणी हातात, वर्तमानपत्र हातात, चष्मा हातात. मास्तरांनी नुसतं पायाकडे बघितलं तरी ती धावत यायची, "बाबा, उठू नका, मी आहे ना." मास्तर उठायचे नाहीत. दोन महिन्यांत ते भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंतही जाईनात. पावलं इतकी लहान पडायला लागली की मला मोजायचीही लाज वाटली असती.

एकदा तर गल्लीतल्या डॉक्टरांच्या छातीचं माप त्यांना आठवेना. वीस वर्षं ते माप त्यांना तोंडपाठ होतं. ते सुनेला म्हणाले, "मी पडलो तेव्हा डोकंही पडलं वाटतं कुठेतरी." ते हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

आता मुलाबद्दल सांगते. तो सरकारी तपासनीस. दुकानादुकानांत जाऊन वजनं आणि तराजू तपासतो. त्याच्या नजरेतून गुंजभर खोट सुटत नाही. त्याने ठरवलं की बाबांना जिना नको, पुढच्या खोलीतच त्यांचा पलंग लावायचा. म्हणजे मशीन बाहेर, इस्त्री बाहेर आणि टेबलही बाहेर. त्याचा हेतू चांगलाच होता, बापाची काळजीच होती ती. सुतार येऊन टेबल दारातून निघेल का ते बघूनही गेला.  मास्तर एवढंच म्हणाले की द्यायचंच तर उभ्याने काम करणाऱ्या कोणाला तरी द्या, त्याच्यावर नुसती भांडी नका मांडू. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मनगटाचा व्यायाम करून घ्यायला येणारी बाई शेवटच्या खेपेला आली. तिने मनगट पाहिलं आणि मग म्हणाली, जरा उभे राहा बघू. भिंतीकडे खांदा करून उभं राहून हात खांद्याच्या रेषेत समोर करा, आणि टाचा न उचलता, पाऊल न टाकता, जमेल तेवढं पुढे झुका. मोजायला काही आहे का? मास्तरांनी उशाजवळून मला उचलून दिलं. तिने मला खांद्याच्या उंचीवर भिंतीला आडवं चिकटवलं, माझं सुरुवातीचं टोक त्यांच्या बोटांच्या टोकाशी आणून.

मास्तर झुकले आणि साडेचारवर थांबले. पाय थरथरत होते.

मला फार नवल वाटलं. आयुष्यभर मी छात्या, कंबरा, मांड्या मोजल्या. माणसाचा तोलही इंचात मोजता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो असतो तरी कुठे? टाचेत? पोटात? कानात? की डोक्यात? कोणाला विचारावं तर मला तोंड नाही.

सुनेकडून टेबलाची गोष्ट कळल्यावर बाईने मुलाला बाजूला घेतलं. म्हणाली, टेबल काढायची घाई नका करू. मला तीन महिने द्या. तुमचे वडील दहा इंच झुकू शकले, तर टेबलाशी उभं राहायला माझी हरकत नसेल. मुलाने थोडा विचार केला आणि मान हलवली. "ठीक आहे. पण दहा म्हणजे दहा."

 अंग आणि कापड दोन्ही मीच मोजत होते तोवर ठीक होतं. हे दहा बाहेरून आलेलं होतं, आणि माझ्याकडे खरं दहा नव्हतंच.

व्यायाम म्हणावेत असे ते दिसायचेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळे खाली, पुढच्या खोलीत. टेबलाची कड धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. स्टुलावरून हात न लावता उठायचं आणि धपकन न बसता हळूच बसायचं. बसणं हाही व्यायाम असतो हे ऐकून मास्तर म्हणाले, तर मग मी दोन महिने पहिलवानी करत होतो म्हणायची. मला फरशीवर सरळ अंथरायचे आणि मास्तर माझ्या कडेने चालायचे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. माणूस मी नेहमी वरून पाहिला होता. आता तळपाय पाहिले. काय धडपड चालते हो तिथे! पाचही बोटं फरशी चाचपत असतात, जरा कलंडलं की पकडतात, सैल सोडतात, पुन्हा पकडतात. आणि वर तोंड मात्र शांत.

बाईने एक गंमत सांगितली होती. चालता चालता काहीतरी आठवायचं. सुनेने जुनी मापांची वही काढली आणि विचारू लागली. मास्तर पाऊल टाकायचे आणि सून विचारायची, पोस्टमनची कंबर? चौतीस. त्याच्या भावाची? अडतीस, आणि कबूल करत नाही. पहिल्या आठवड्यात विचारलं की पाय थांबायचे. पाय चालले की उत्तर थांबायचं. हळूहळू दोन्ही एकत्र चालायला लागली. एके दिवशी वळताना ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टरांची छाती बेचाळीस." कोणी विचारलंही नव्हतं. सुनेने वहीत पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

खरी कसरत तर सुनेची होती. मास्तर जरा डुलले की तिचे हात पुढे यायचे. बाई तिला म्हणाली, जवळ उभ्या राहा, पण पडायला लागले तरच धरा. तेव्हापासून ती मास्तरांच्या शेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. एकदा तिने गंमत म्हणून एका पायावर उभं राहून पाहिलं आणि चार मोजायच्या आत टेबल धरलं. मास्तर म्हणाले, उद्यापासून तुझंही नाव घाल. मग सासरा आणि सून दोघं टेबलाच्या दोन बाजूंना टाचा उचलू लागले.

दर रविवारी मला भिंतीवर चिकटवायचे. सहा. सव्वासहा. मध्ये एक आठवडा ताप आला आणि पुन्हा साडेपाच. मास्तर त्या दिवशी चिडले, मला गुंडाळून फेकलं, आणि तासाभराने स्वतःच वाकून उचललं. वाकून! कोणाचा हात न धरता. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. पुढे सात, आठ, नऊ. मी तर देवाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

तीन महिने संपले. बाई आली, मुलगा आला, सून हात मागे बांधून उभी राहिली. मला भिंतीवर चिकटवलं. मास्तरांनी हात समोर केला आणि झुकू लागले. बोट आठवर आलं, नऊवर आलं, साडेनऊ. टाचा जमिनीला. पोटऱ्या ताणलेल्या, कपाळावर घाम. बोट पावणेदहावर आलं आणि तिथे थांबलं. मास्तरांनी मनात तीन आकडे मोजले असतील, मग ते सरळ झाले.

"पावणेदहा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

सून म्हणाली, पाव इंचाने काय होतंय?

"पाव इंचाने बाही आखूड होते," मास्तर म्हणाले. "सुताराला बोलाव."

ओरडावंसं वाटलं हो मला. सांगावंसं वाटलं की खोटी मी आहे, तुम्ही नाही, तुमचे दहा पुरे झाले! पण टेपेचं कोण ऐकणार? मुलगा खाली बघत राहिला. त्यालाही ते नको होतं, पण नियम त्याचाच.

सून मात्र चिडली. पाठीमागचे हात तिने प्रथमच सोडले आणि नवऱ्याला म्हणाली, "गावभर लोकांची मापं तपासत फिरता. घरातली टेप कधी तपासलीत?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आत जाऊन ऑफिसच्या बॅगेतली पोलादी पट्टी घेऊन आला आणि माझ्या अंगाला अंग लावून धरली. किती थंडगार! माझं पावणेदहा तिच्या दहाला अगदी चिकटून होतं. त्याने पुन्हा लावून पाहिलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

"दहा," तो म्हणाला. "बाबा, दहा झालेत."

सुनेने तोंडावर पदर धरला. बाई हसली. पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला भिंतीवरून सोडवलं, हातात घेतलं आणि स्टुलावर बसले. कितीतरी वेळ माझ्यावरून अंगठा फिरवत होते. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना चुकीचं माप लावलं?"

मी आयुष्यात एवढी कधी ओशाळले नव्हते.

मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, बाबा, अंगही हिनेच मोजलं आणि कापडही हिनेच. एकाचा तरी शर्ट परत आला का? मास्तरांनी बराच विचार केला. मनातल्या मनात सगळी गल्ली उभी केली असेल त्यांनी. शेवटी म्हणाले, नाही. आणि मग त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

मुलगा म्हणाला, आमच्याकडे असं माप सापडलं तर मोडीत काढतात. मी वाट पाहत राहिले. कात्री टेबलावरच होती.

"गिऱ्हाइकांसाठी नवी आणू," मास्तर म्हणाले. "ही माझ्यासाठी राहू दे. हिच्या दहाला पोचायचं तर मला खऱ्या दहाच्या पुढे जावं लागेल. एवढा कडक मास्तर मला दुसरा कुठे मिळणार?"

तेव्हापासून मी इथे आहे, पुढच्या खोलीच्या भिंतीवर, चार टाचण्यांनी. समोर टेबल आहे, त्यावर कापड आहे, आणि मास्तर दिवसातून दोन तास उभे राहून कापतात. त्यांच्या गळ्यात नवी पिवळीधमक टेप आहे. मला तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी ते आधी माझ्याकडे येतात. आता तर गिऱ्हाइकंही माप द्यायला आली की आधी माझ्यापुढे झुकून बघतात. पोस्टमन साडेआठ. त्याचा भाऊ सात, आणि कबूल करत नाही.

तोल कुठे असतो ते मला अजून कळलेलं नाही. एवढं मात्र पाहिलं की वापरला नाही तर तो निघून जातो, आणि रोज थोडा थोडा मागितला तर त्र्याहत्तराव्या वर्षीही परत येतो. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी पलंगावर बसून असेल. त्यांचं पाणी हातात नेऊन देऊ नका. पेला चार पावलांवर ठेवा, शेजारी उभे राहा आणि आपले हात पाठीमागे बांधा. जड जाईल, मी पाहिलंय. पण त्यांना उठू द्या.

आज सकाळी मास्तर आले. हात समोर केला, झुकले. बोट पावणेदहा ओलांडून एक रेघ पुढे आलं आणि थरथरत तिथेच टिकलं. सून शेजारी होती. तिने हात पुढे केला नाही.